ड्राय, टॅनिन, बॉडी, रिझर्व्ह: वाइनच्या बाटलीवरचे शब्द नेमकं काय सांगतात?

चवीनं_वाचणारी

समोर नाशिकच्या दोन बाटल्या आहेत. एक पांढरी, शेनिन ब्लां; दुसरी लाल, कॅबर्ने-शिराझ (ही द्राक्षाच्या जातींची नावं). पांढरीवर 'ऑफ-ड्राय, फ्रूटी' असं लिहिलंय. लालवर 'ड्राय, मिडियम बॉडी, सॉफ्ट टॅनिन, बॅरल एज्ड, रिझर्व्ह'. पेय ड्राय कसं असेल, इथपासूनच माझी अडचण आहे. 'फ्रूटी' म्हणजे गोड समजायचं, तर ड्राय वाइनवरही 'फ्रूटी' लिहिलेलं असतं.

शिवाय तीन शंका. पांढरीच्या तळाशी साखरेसारखे बारीक चमकते खडे बसलेत, ही भेसळ आहे का? दोन्ही बाटल्यांवर 'कंटेन्स सल्फाइट्स' आहे, त्याची काळजी करायची का? आणि लाल बाटली उघडून दहा दिवस झाले. आता तिला नेलपॉलिशसारखा वास येतोय, चवही आंबूस झालीय. हे कशाने झालं?

शब्दकोशातल्या व्याख्या मिळतात, त्या नकोत. हे जिभेवर कसं ओळखायचं आणि वायनरीत काय केल्यामुळे तसं होतं, हे जाणकारांनी सांगावं.

---

खरडछाटणी

ताई, 'ड्राय'पासूनच धरू, सगळा घोळ तिथेच सुरू होतो. ड्राय म्हणजे साखर न उरलेली. रस आंबताना यीस्ट साखर खातं आणि तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतो. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर संपली की १ टक्का अल्कोहोल तयार होतं. शेवटी लिटरला ४ ग्रॅमच्या आत साखर उरली तर वाइन ड्राय. ४ ते १२ ग्रॅम उरली तर ऑफ-ड्राय. त्याच्या वर जसजसं जाल तसतशी गोडी उघड होते, आणि ४५ ग्रॅमच्या पुढे ती सरळ गोड वाइन. अंदाज यावा म्हणून सांगतो: नेहमीच्या कोलामध्ये लिटरला १०० ग्रॅमच्या वर साखर असते. तुमच्या ऑफ-ड्राय शेनिनच्या १५० मिलीच्या ग्लासात फार तर पाऊण ते दोन ग्रॅम, म्हणजे छोट्या चमच्याच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी.

'फ्रूटी' हा शब्द जिभेचा नाही, नाकाचा आहे. पिकलेल्या पेरूचा वास आला की गोड वाटतं, कारण तो वास आणि ती गोडी आपल्याला कायम जोडीनंच भेटलेली असते. नाक चिमटीत घट्ट धरून घोट घ्या. पेरू, लिची, अननस सगळं नाहीसं होईल. तरीही जिभेला गोड लागत असेल तर साखर आहे, नाहीतर तो नुसता वास होता.

आता साखर किती कळते हे आंबटपणावर ठरतं. घरी करून पाहा. दोन ग्लासांत २००-२०० मिली पाणी घ्या, दोन्हींत अर्धा छोटा चमचा साखर विरघळवा. एकात चमचाभर लिंबाचा रस घाला. साखर दोन्हींत सारखीच, पण दुसरा ग्लास कमी गोड आणि जास्त ताजा लागेल. चांगल्या ऑफ-ड्राय शेनिनचं सगळं गणित एवढंच आहे. आंबटपणा पडला की तीच साखर चिकट वाटायला लागते.

हा आंबटपणा येतो कुठून? द्राक्षात मुख्य आम्लं दोन. एक टार्टारिक, म्हणजे आपल्या चिंचेतलं आम्ल. दुसरं मॅलिक, म्हणजे हिरव्या सफरचंदातलं. टार्टारिक वेलीवर बऱ्यापैकी टिकतं. मॅलिक उष्णतेत वेल स्वतःच जाळून टाकते. म्हणून आपल्याकडे छाटणीचं वेळापत्रक फार महत्त्वाचं. युरोपात वेल थंडीत झोपते आणि वर्षाला एकच मुख्य छाटणी होते. आपल्याकडे वेल झोपत नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून नुसती काडी तयार करायची, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी करून घड घ्यायचे. त्यामुळे मण्यात पाणी उतरण्याचा आणि साखर भरण्याचा काळ डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींत येतो. लेबलवर इंग्रजी-फ्रेंचमध्ये 'व्हेरेझों' दिसलं तर ते म्हणजे आपलं 'पाणी उतरणं' होय: कडक हिरवा मणी मऊ पडतो आणि काळ्या जातीत रंग धरतो.

साखर मोजतात ब्रिक्समध्ये. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब रस टाकायचा, झाकण लावायचं आणि उजेडाकडे धरून रेघ वाचायची. १ ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात १ ग्रॅम साखर (थोडी इतर विद्राव्यं धरून). ब्रिक्सला ०.५५ ते ०.६ ने गुणलं की होणाऱ्या अल्कोहोलचा अंदाज मिळतो. २२ ब्रिक्सचा रस पूर्ण आंबला तर १२ ते १३ टक्के. पण एका मण्यावर विश्वास ठेवू नये. उन्हाकडचा आणि सावलीकडचा, घडाच्या खांद्याचा आणि शेंड्याचा, असे बागेच्या वेगवेगळ्या ओळींतून दोनशेएक मणी घ्यायचे, पिशवीत एकत्र चुरडायचे आणि मग मोजायचं.

नाशिकची खरी अडचण इथेच आहे. फेब्रुवारीत ऊन तापलं की ब्रिक्स भराभर चढतं, आम्ल उतरतं, आणि बिया मात्र मागेच राहतात. फक्त ब्रिक्स बघून लाल जात तोडली तर अल्कोहोल भरपूर आणि तुरटपणा कच्चा, अशी वाइन होते. म्हणून बी चावून बघतात. हिरवी, चिकट, कडू असेल तर थांबायचं. तपकिरी होऊन दाताखाली सुक्या मेव्यासारखी कडकन फुटली तर तयार. सोव्हिन्यों ब्लां ही पांढरी जात साधारण २० ते २२ ब्रिक्सला तोडतात, लाल कॅबर्ने २३-२४ पर्यंत धरतात.

आणखी एक गोष्ट, कारण विचारणारे बरेच असतात: खायच्या थॉमसनची वाइन का नाही करत? थॉमसनचा मणी जीए (जिबरेलिक ॲसिड हे वाढीचं संजीवक) देऊन फुगवलेला, साल पातळ, बी नाही. वाइनच्या जातीचा मणी बारका, साल जाड, आत बिया. रंग, वास सालीत असतो, तुरटपणा सालीत आणि बियांत. मणी बारका म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. एकरी उत्पादनही मुद्दाम ४-५ टनांवर रोखतात. खायच्या बागेत याच्या दुप्पट आणि जास्त काढतात.

---

तळघर_२२५

वर बागेचं आलंय, मी टाकीपासून पुढचं सांगतो. टॅनिन, बॉडी आणि बॅरल.

टॅनिन. इंग्रजी बोलणाऱ्यांना ही चव समजावताना घाम फुटतो. आपल्याकडे सहा रसांत तिला स्वतःचं नाव आहे: तुरट. कच्चं केळं, सुपारी, आवळ्याचा पहिला चावा, जास्त उकळलेला कोरा चहा. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि गाल आतून आवळल्यासारखे होतात. म्हणजे ही चवीपेक्षा स्पर्शाची जाणीव जास्त आहे. 'सॉफ्ट टॅनिन' म्हणजे तुरटपणा आहे, पण मखमलीसारखा सरकतो. 'ग्रिपी' किंवा 'फर्म' म्हणजे दातांवर आणि हिरड्यांवर खरखर राहते.

पांढरीत टॅनिन जवळपास नसतं, कारण द्राक्षं आल्या आल्या दाबून रस वेगळा काढतात आणि तो साधारण १४ ते १६ अंशांवर थंड टाकीत दोन-तीन आठवडे आंबवतात. लालमध्ये साल आणि बी रसाबरोबरच आंबतात, २५ ते २८ अंशांवर, सात ते चौदा दिवस. रोझे म्हणजे काळी द्राक्षंच, पण सालींशी संगत काही तासांची, आणि मग पांढरीसारखं काम.

लालच्या टाकीत डोकावलं तर रस दिसत नाही. कार्बन डायऑक्साइड साली वर ढकलतो आणि हात-दोन हात जाडीचा घट्ट जांभळा थर तरंगतो. ह्यालाच 'कॅप' म्हणतात. वरून तो कोरडा वाटतो, पण थर्मामीटर खुपसला तर खालच्या रसापेक्षा पाच-सात अंश जास्त दाखवतो. रंग, टॅनिन आणि उष्णता सगळं त्या थरात अडकलेलं असतं. म्हणून दिवसातून दोन-तीन वेळा खालचा रस पंपाने उपसून वर शिंपडतात ('पंप ओव्हर'), किंवा लहान टाकीत दांड्याने थर खाली दाबतात ('पंच डाउन'). एक पाळी चुकली आणि थर सुकला तर चिलटं बसतात, व्हिनेगरचे जिवाणू वाढतात आणि अख्ख्या टाकीला आंबूस वास लागतो. आतलं तापमान ३३-३५ अंशांवर गेलं तर यीस्ट मरायला लागतं आणि आंबणं अर्ध्यात थांबतं. ह्याला 'स्टक फर्मेंटेशन' म्हणतात. उरलेल्या साखरेवर मग नको ते जिवाणू ताव मारतात. अशी टाकी पुन्हा सुरू करणं फार कठीण, म्हणून सगळा जोर आधी थंड ठेवण्यावर असतो.

सुरक्षेचं एक वाक्य, कुणी घरी किंवा छोट्या युनिटमध्ये करत असेल तर: एक लिटर रस आंबताना ५० लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, तो हवेपेक्षा जड असतो आणि टाकीच्या तळाशी साचतो. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही वायूमापक आणि बाहेर दुसरा माणूस असल्याशिवाय उतरायचं नाही.

रंग आणि टॅनिन एकाच वेळी येत नाहीत. रंग पहिल्या चार-सहा दिवसांत जवळजवळ पूर्ण उतरतो. बियांचं टॅनिन मात्र अल्कोहोल वाढेल तसं निघत राहतं. 'सॉफ्ट टॅनिन' हवं असेल तर बी पिकलेली हवी आणि सालींवरून वाइन वेळेत उतरवायला हवी. दोन्हींपैकी एक चुकलं की लेबलवर काहीही लिहा, जीभ खरं सांगते.

मॅलोलॅक्टिक. लेबलवर क्वचित येतो, पण चवीत ठळक कळतो. यीस्टचं काम झाल्यावर दुसरे जिवाणू मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल करतात. हिरव्या सफरचंदाचा आंबटपणा जातो आणि दह्याचा येतो. १ ग्रॅम मॅलिकचं साधारण ०.६७ ग्रॅम लॅक्टिक होतं, म्हणजे एकूण आंबटपणाही उतरतो. सोबत डायॲसिटिल तयार होतं, आणि ताज्या लोण्याचा वासही त्याचाच असतो. जवळपास सगळ्या लाल वाइन यातून जातात. बॅरलमधली शार्डने ही पांढरी बऱ्याचदा जाते. शेनिन आणि सोव्हिन्यों ब्लां आपल्याकडे मुद्दाम जाऊ देत नाहीत, आंबटपणा आधीच जेमतेम असतो. हे चालू असताना टाकी १८ ते २२ अंशांवर ठेवायची आणि सल्फर (लेबलवरच्या 'सल्फाइट्स'मधला) घालायचा नाही. घाईने घातला तर जिवाणू मरतात, आणि उरलेलं मॅलिक पुढे बाटलीत आंबून वाइन फसफसते.

बॅरल. नेहमीचं पिंप २२५ लिटरचं, ओकच्या लाकडाचं, आतून आगीवर भाजलेलं. भाजण्यातून व्हॅनिलीन येतं (व्हॅनिलाचा वास) आणि युजेनॉल (लवंगेतलं तेच). अमेरिकन ओक ओल्या नारळाचा वास जास्त देतो, फ्रेंच ओक मसाल्याकडे झुकतो. तीन-चार वेळा भरल्यावर पिंप वास देणं जवळपास थांबवतं, पण लाकडातून मुंगीच्या पावलाने हवा देत राहतं, त्यामुळे टॅनिन मऊ होतं. लाकडातून वाइन उडतही असते. नाशिकच्या कोरड्या हवेत दर दोन-तीन आठवड्यांनी पिंप काठोकाठ भरावं लागतं, नाहीतर वरच्या रिकाम्या जागेत व्हिनेगरचे जिवाणू घर करतात.

'बॅरल एज्ड' आणि 'ओक्ड' यांत फरक आहे. स्टीलच्या टाकीत लिटरला २ ते ४ ग्रॅम ओकच्या चिपा घालूनही व्हॅनिला आणता येतो. ते कायदेशीर आहे, स्वस्त आहे, आणि वाइन वाईट होते असंही नाही. पण ती संथ हवा मिळत नाही. मागच्या लेबलवर '१२ महिने फ्रेंच ओक बॅरलमध्ये' असा आकडा असेल तर तो शब्द वजनदार. नुसतं 'ओक टच्ड' असेल तर फार अपेक्षा नको.

बॉडी. तोंडातला जडपणा. गायीचं ताक, गायीचं दूध, म्हशीचं सायीचं दूध, हे तीन घोट आठवा: लाइट, मिडियम, फुल. अल्कोहोल, साखर, ग्लिसरॉल आणि सालीतून आलेला अर्क मिळून हा जडपणा येतो. लेबलवरचं अल्कोहोल बघूनही अंदाज येतो: साडेबारा टक्क्यांच्या आत हलकी, साडेतेराच्या वर भरलेली, मधली ती मिडियम. अल्कोहोल जास्त आणि बाकीचं कमी पडलं तर घशात नुसती ऊब जाणवते. ती बॉडी नव्हे.

---

चवीनं_वाचणारी

आभार! नाक चिमटीत धरून लगेच पाहिलं, पेरू खरंच गायब झाला आणि थोडीशी गोडी उरली.

दोन गोष्टी विचारते. तुरट आणि कडू यांत मी गोंधळते, लालमध्ये नक्की कुठलं जाणवतंय? आणि मी शाकाहारी आहे. वाइन गाळताना अंडं वापरतात असं ऐकलं, ते खरं का? खडे आणि सल्फाइट्स राहिलेच आहेत.

---

पीएच३५

कडू जिभेवर, गिळल्यावर जास्त कळतं, पाण्याचा घोट घेतला की हळूहळू जातं. तुरट गाल, हिरड्या आणि ओठांच्या आत जाणवतं, आणि जीभ टाळूवरून फिरवली की खरखर लागते. लालमध्ये दोन्ही असू शकतं. कच्च्या बीचं कडूही आणि तुरटही. तुरट कमी करायचं असेल तर सोबत चीज, पनीर किंवा मटण घ्या. टॅनिन लाळेऐवजी त्या प्रथिनाला चिकटतं.

खडे. भेसळ नाही, साखरही नाही. ते पोटॅशियम बायटार्टरेट. द्राक्षातलं टार्टारिक आणि पोटॅशियम थंडीत एकत्र येऊन खाली बसतात. बेकरीत 'क्रीम ऑफ टार्टर' म्हणून विकतात ते हेच. खात्री करायची असेल तर खडे चमच्यात घेऊन साध्या पाण्यात ढवळा. साखर लगेच विरघळते, हे जवळपास तसेच राहतात. दाताखाली वाळूसारखे कुरकुरतात आणि किंचित आंबट लागतात. हे बाटलीत होऊ नये म्हणून वायनरी वाइन उणे ३-४ अंशांवर आठवडा-दोन आठवडे ठेवते, खडे टाकीतच बसवते आणि गाळते. ह्याला 'कोल्ड स्टॅबिलायझेशन' म्हणतात. ती पायरी तोकडी पडली किंवा मुद्दाम टाळली, आणि तुमच्या फ्रिजमध्ये बाटली बरेच दिवस राहिली, की खडे पडतात. वाइनला काही झालेलं नसतं.

सल्फाइट्स. वाइनला दोन शत्रू आहेत, हवा आणि जिवाणू. सल्फर डायऑक्साइड दोघांनाही आवरतो. वायनरीत तो पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या पुडीतून देतात. वजनाच्या साधारण ५७ टक्के सल्फर डायऑक्साइड मिळतो, म्हणून १००० लिटर टाकीत लिटरमागे २० मिलीग्रॅम वाढवायचे तर ३५ ग्रॅम पावडर लागते. गंमत म्हणजे किती लागेल हे पीएचवर ठरतं (आंबटपणा कमी तसा पीएच जास्त). पांढऱ्या वाइनचा पीएच ३.२ असेल तर लिटरला सुमारे २० मिलीग्रॅम मुक्त (कशाशी न जोडलेला) सल्फर डायऑक्साइड पुरतो. पीएच ३.६ झाला तर तेवढ्याच संरक्षणाला ५० लागतो. उन्हात आम्ल गमावलेल्या द्राक्षाची किंमत अशी दोनदा मोजावी लागते: चवीत आणि रसायनात. म्हणून उष्ण प्रदेशात आंबवण्याआधीच टार्टारिक घालतात. लिटरला १ ग्रॅमने पीएच साधारण ०.१ उतरतो.

लिटरला १० मिलीग्रॅमच्या वर असेल तर लेबलवर लिहावंच लागतं. यीस्ट स्वतःही थोडा सल्फाइट तयार करतं, त्यामुळे काही न घातलेल्या बाटलीवरही ही ओळ येऊ शकते. युरोपात कोरड्या लालला १५० आणि कोरड्या पांढरीला २०० मिलीग्रॅमची कमाल मर्यादा आहे. तुलना करायची तर केशरी दिसणारं सुकं जर्दाळू: त्यात किलोला २००० मिलीग्रॅमपर्यंत परवानगी असते. सांगली-तासगावकडे पिवळा बेदाणा पिवळा राहावा म्हणून देतात ती गंधकाची धुरीही हाच वायू. बेदाणा, जर्दाळू बिनत्रास खात असाल तर वाइनमधल्या सल्फाइटची धास्ती नको. दम्याच्या काही रुग्णांना मात्र तो खरोखर बाधतो, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. डोकेदुखीचं खापर बऱ्याचदा सल्फाइटवर फुटतं. आधी अल्कोहोल आणि कमी प्यायलेलं पाणी तपासावं.

फाइनिंग. हो, अंडं वापरतात, पण सगळे नाही. वाइन स्वच्छ आणि मऊ करण्यासाठी काहीतरी घालून नकोसं ते खाली बसवतात. लालमध्ये टॅनिन मऊ करायला पारंपरिक पद्धत म्हणजे २२५ लिटरच्या पिंपाला ३ ते ६ अंड्यांचा पांढरा. पांढरीत माशापासून काढलेलं आयसिंग्लास किंवा दुधातलं केसीनही वापरतात. दुसरीकडे बेंटोनाइट ही चक्क एक प्रकारची माती आहे, आणि वाटाण्याचं प्रथिनही मिळतं. घातलेलं तळाशी बसतं आणि वरची वाइन काढून घेतात, तरी शाकाहारी माणसाने विचारणं रास्त आहे. 'व्हेगन' किंवा 'अनफाइन्ड' लिहिलं असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर उत्पादकाला थेट विचारा: 'फाइनिंगला काय वापरता?' त्यांच्याकडे प्रत्येक टाकीची नोंद असते.

दहा दिवसांची लाल. नेलपॉलिशचा वास इथाइल ॲसिटेटचा, आंबूस चव ॲसिटिक आम्लाची. जिवाणूंनी हवा मिळताच अल्कोहोलचं व्हिनेगर करायला घेतलं. शब्द लक्षात ठेवा: 'व्होलाटाइल ॲसिडिटी'. विषारी नाही, पण प्यायची मजा गेली. फोडणीच्या भाजीत किंवा मटण मुरवताना वापरून टाका.

बाकीचे दोष थोडक्यात, दुकानदाराशी बोलताना उपयोगी पडतील. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट गोणपाटाचा वास आला आणि फळाचा वास मेला, तर 'कॉर्क्ड'. बुचातल्या टीसीए नावाच्या संयुगामुळे होतं, लिटरला काही नॅनोग्रॅमही पुरतात. ठेवून जात नाही, बाटली बदलून मागा. सडक्या अंड्याचा वास म्हणजे 'रिडक्शन', हायड्रोजन सल्फाइड. यीस्टला नायट्रोजन कमी पडला, किंवा भुरी या बुरशी रोगासाठी तोडणीच्या तोंडावर मारलेलं गंधक सालीवर राहिलं, की होतं. हा दोष बऱ्याचदा सुधारतो: काचेच्या जगमध्ये ओतून अर्धा तास हवा द्या. तरी राहिला तर तांब्याचा घासून स्वच्छ केलेला चमचा ग्लासात दहा-पंधरा सेकंद फिरवून काढा. गंधक तांब्याला धरतं. चमचा आत ठेवून देऊ नका, आम्लात तांबं विरघळतं. घोड्याच्या तबेल्याचा किंवा औषधी पट्टीचा वास म्हणजे ब्रेट नावाचं रानटी यीस्ट, बहुतेकदा अस्वच्छ जुन्या पिंपातून येतं. आणि कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा वास, पांढरीला तपकिरी छटा, म्हणजे हवा लागून ऑक्सिडेशन.

एक दोष मात्र आपल्याकडे सर्वात जास्त दिसतो आणि त्याला कुणी नाव देत नाही: उष्णतेने शिजलेली वाइन. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या गोदामात किंवा दुकानाच्या काचेत उन्हात राहिलेली बाटली. फळाऐवजी उकळलेल्या मुरंब्याचा वास येतो, बूच थोडं वर उचललेलं दिसतं, आणि मानेवर वाइन झिरपल्याचा चिकट ओघळ असतो. घेतानाच बघा. फडताळाच्या वरच्या, दिव्याजवळच्या बाटल्या टाळा.

---

ग्लासभर

वरच्या सगळ्यांशी सहमत, लेबलवरचे काही शब्द राहिलेत.

रिझर्व्ह. स्पेनमध्ये हा कायद्याचा शब्द आहे. लाल 'रेसेर्वा' म्हणजे किमान ३६ महिने मुरवलेली, त्यातले किमान १२ ओकमध्ये. इटलीतही 'रिझेर्वा'ला नियम आहेत. आपल्याकडे, ऑस्ट्रेलियात किंवा अमेरिकेत मात्र असा देशभराचा मापदंड नाही. उत्पादकाने आपल्या साध्या बाटलीपेक्षा ही बरी असं म्हटलं, इतकाच अर्थ. 'ओल्ड व्हाइन' आणि 'हँडक्राफ्टेड'चंही तेच. याउलट 'नाशिक व्हॅली' ही भौगोलिक मानांकन मिळालेली ओळख आहे, तिला अर्थ आहे.

व्हिंटेज. तोडणीचं वर्ष, बाटली भरल्याचं नव्हे. आपली तोडणी जानेवारी ते मार्च, फ्रान्सची ऑगस्ट ते ऑक्टोबर. म्हणजे एकाच वर्षाचा आकडा असलेली नाशिकची पांढरी फ्रान्सच्या पांढरीपेक्षा सहा-सात महिन्यांनी मोठी. साधी शेनिन, सोव्हिन्यों, रोझे जुनी करून चांगली होत नाही. दोन वर्षांच्या आतली घ्या.

ब्रूट. फेसाळ वाइनवर हा शब्द असतो. लिटरला १२ ग्रॅमच्या आत साखर. सर्वात फसवा शब्द 'एक्स्ट्रा ड्राय': त्यात १२ ते १७ ग्रॅम, म्हणजे ब्रूटपेक्षा गोड. 'डेमी-सेक' ३२ ते ५०. 'ट्रॅडिशनल मेथड' म्हणजे दुसरं आंबवण त्याच बाटलीत, लिटरला २४ ग्रॅमच्या आसपास साखर आणि यीस्ट घालून. आतला दाब ६ बारपर्यंत जातो, म्हणून बूच काढताना ते एका हाताने धरून ठेवायचं आणि दुसऱ्या हाताने बाटली फिरवायची.

पोर्ट. गोव्यात आणि आपल्याकडे 'पोर्ट वाइन' म्हणून मिळणारी स्वस्त गोड लाल, बहुतेकदा बंगलोर ब्लू द्राक्षाची, ही पोर्तुगालच्या डोरू खोऱ्यातली पोर्ट नव्हे. तिथे आंबणं अर्ध्यात असतानाच ७७ टक्क्यांचं द्राक्षाचं स्पिरिट घालतात. यीस्ट मरतं, साखर उरते, आणि वाइन १९ ते २२ टक्क्यांची होते.

ग्लासच्या भिंतीवरून ओघळणारे थेंब ('लेग्स') बघून दर्जा सांगणारे भेटतील. त्यातून फक्त अल्कोहोल आणि साखरेचा अंदाज येतो. अल्कोहोल उडून पृष्ठताण बदलतो म्हणून थेंब वर चढून ओघळतात. दर्जाशी संबंध नाही. स्क्रू कॅपचंही तसंच, ते स्वस्तपणाचं लक्षण नाही. कॉर्क्ड होण्याचा धोका त्यात जवळपास संपतो.

वासाचे शब्द बनावट वाटतात, पण अनेकांच्या मागे खरं रसायन आहे. शिराझमध्ये मिऱ्याचा वास येतो कारण रोटंडोन हे मिऱ्यातलं संयुगच तिच्या सालीत असतं. सोव्हिन्योंमधली ढोबळी मिरची म्हणजे पायराझिन, कच्च्या द्राक्षात जास्त. मस्कत द्राक्षातलं लिनालूल आपल्या धण्यांतही आहे. स्पेनच्या जुन्या शेरी वाइनमध्ये मेथीदाण्याचा वास आला तर तो सोटोलोन, मेथीत असतो तोच. इंग्रजी यादीतली गूजबेरी शोधत बसू नका, आपल्या मसाल्याच्या डब्यात बघा.

'रूम टेंपरेचर'. हा सल्ला युरोपातल्या जुन्या घरांचा, तिथे खोली १६ ते १८ अंश. नागपूरच्या मेमध्ये तो पाळला तर लाल वाइन गरम स्पिरिटसारखी लागेल. लाल बाटली पिण्याआधी २५-३० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. पांढरी आणि रोझे ८ ते १२ अंश, म्हणजे फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटांनी. फेसाळ ६ ते ८. थंडी जास्त झाली की वास मरतो आणि टॅनिन कडक लागतं. लाल फार तुरट वाटली तर आधी ती जास्त गार तर नाही ना, ते बघा.

उघडल्यावर पांढरीही आणि लालही बूच लावून फ्रिजमध्येच. तीन ते पाच दिवस बऱ्या राहतात. अर्धी उरणार हे आधीच माहीत असेल तर उघडल्या उघडल्या ३७५ मिलीच्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून ठेवा, वर हवाच राहत नाही.

तिखट जेवणाचं सांगून ठेवतो. मिरची, जास्त अल्कोहोल आणि टॅनिन एकत्र आले की जळजळ वाढते. मिसळ, कोल्हापुरी रस्सा यांच्याबरोबर ती कॅबर्ने नको. ऑफ-ड्राय शेनिन थंड करून घ्या.

---

चवीनं_वाचणारी

शेनिन तर मग आज संध्याकाळीच, कोळंबीच्या कालवणाबरोबर. खडे ग्लासात येऊ नयेत म्हणून काय करू?

---

पीएच३५

बाटली आडवी असेल तर आत्ताच फ्रिजमध्ये उभी करून ठेवा, दोन-तीन तासांत खडे तळाशी बसतील. न हलवता उघडा, एका दमात तिरकी धरून जगमध्ये ओता, मधे सरळ करू नका. मानेजवळ खडे दिसायला लागले की थांबा. दोन-तीन घोट बाटलीत राहतील, ते बारीक गाळणीतून कालवणात टाका.